जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल: एका समजाचं खंडन

नाशिकमध्ये जुनी ऑटोमॅटिक गाडी दाखवायला अंबडच्या गॅरेजात न्या किंवा द्वारकेजवळच्या, एक सल्ला ठरलेला असतो: ‘लाखाच्या वर चाललीय ना, मग गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका. नवं ऑइल पडलं की गिअरबॉक्स बसतो.’ सांगणारे अनुभवी असतात आणि त्यांची उपपत्तीही ऐकण्यासारखी आहे. क्लच-प्लेटांच्या झिजेतून सुटलेला भुसा ऑइलमध्ये तरंगत राहतो, झिजलेल्या प्लेटा त्याच्या आधाराने पकड धरतात; ऑइल काढलं की भुसा गेला आणि पकडही गेली. पूर्वपक्ष असा आहे. तो मला मान्य नाही, कारण त्याच्यापायी वाचवता येण्याजोगे गिअरबॉक्स भंगारात जातात.

आधी हे पाहू, की ऑइल बदलायला माणूस जातो कधी? गिअर उशिरा पडू लागला, चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं, की मग. म्हणजे प्लेटा जळून झाल्यावर. पुढे आठवड्याभरात गिअरबॉक्स बसतो आणि दोष नव्या ऑइलवर येतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

भुशाची गोष्ट तर उलटी आहे. तो पकड देत नाही, वॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत आणि सोलेनॉइडमध्ये अडकतो. वॉल्व्ह चिकटला की दाब उतरतो, दाब उतरला की प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी भुसा सुटतो. शिवाय या ऑइलवर नुसतं वंगणाचं काम नाही. टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद तेच पोचवतं, दाब तेच धरतं, उष्णता तेच वाहून नेतं आणि ओल्या क्लचना नेमकं ठरल्याइतकं घर्षणही त्याच्यातल्या द्रव्यांमुळे मिळतं. ही द्रव्यं उष्णतेने संपतात. मे महिन्यात कसारा घाटात ट्रकमागे रांगत चढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही. आतलं सगळं घसरणं उष्णतेत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम. अशा रस्त्यावरच्या गाडीला ‘आयुष्यभराचं ऑइल’ ही कल्पनाच लागू होत नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे ते एवढंच, की बदलण्याची रीत चुकली तर गिअरबॉक्स खरोखर जातो. मशिनने दाबाखाली धुतलं तर वर्षानुवर्षं साठलेला थर सुटून वाटा बुजवू शकतो. म्हणून प्लग उघडून जेवढं गळेल तेवढंच काढावं, तेवढंच भरावं, काही दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा तेच करावं. बरंचसं ऑइल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एका वेळी ४० टक्के निघालं, तर तीन खेपांनंतर सुमारे ७८ टक्के ऑइल नवं असतं.

दुसरी चूक निवडीची. ‘लाल ते सगळं सारखंच’ हा समज पहिल्याइतकाच घातक आहे. लाल हा नुसता रंग आहे, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. फोर्डच्या जुन्या टाइप-एफ ऑइलमध्ये घर्षण सौम्य करणारी द्रव्यं नव्हती, जनरल मोटर्सच्या डेक्सरॉनमध्ये होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरत. व्हेलला संरक्षण मिळालं आणि सगळं सूत्रच नव्याने बांधावं लागलं. २००५चं डेक्सरॉन-६ आधीच्या डेक्सरॉन-३ पेक्षा पातळ आहे. जुन्या ह्युंदाईला एसपी-३ लागतं, होंडा सिटीच्या पहिल्या सीव्हीटीला एचएमएमएफ. ‘सगळ्यांना चालतं’ असं डब्यावर छापलेलं असलं, तरी मी मॅन्युअलमधला क्रमांकच प्रमाण मानतो.

आपल्या नाशिकच्याच स्कॉर्पिओचं पाहा. २००८ मध्ये ती सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह आली. गिअरबॉक्स ऑस्ट्रेलियातल्या डीएसआय कंपनीचा. पुढच्याच वर्षी ती कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि चीनच्या जीलीने घेतली. मूळ निर्मात्याची अशी गत झाल्यावर बदली मिळेलच याची खात्री नसलेला गिअरबॉक्स ऑइल न बदलता ‘बसेपर्यंत चालवा’ म्हणणं ही मालकाची फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो.

ऑइल काळं पडलंय, जळका वास येतोय आणि गिअर घसरतोय, अशी गाडी मात्र ऑइल बदलून सुधारणार नाही. ती उघडावीच लागते. उघडल्यावरही प्लेटा आणि सील बदलून थांबणाऱ्या मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: कन्व्हर्टरचं काय केलंत आणि कूलर धुतलात का? जुना भुसा या दोन ठिकाणी लपून बसतो आणि नव्या प्लेटांवर परत येतो. नव्या प्लेटा बसवण्याआधी त्याच ऑइलमध्ये भिजवलेल्या हव्यात, प्रत्येक क्लचमधली फट फीलर गेजने मोजलेली हवी आणि शेवटी ऑइलची पातळी मॅन्युअलने सांगितलेल्या तापमानालाच पाहिलेली हवी. थंड गाडीत डोळ्यांच्या अंदाजाने भरलेलं ऑइल गरम झाल्यावर फुगतं, फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं आणि फेसाने दाब धरला जात नाही.