साखरेचा पुडा आणि हिऱ्याची अंगठी

साखरपुडा या शब्दात साखर आहे आणि पुडा आहे. अंगठीचा त्यात कोठेही पत्ता नाही. याच विधीचे शास्त्रातले नाव वाङ्निश्चय. म्हणजे वाचेने केलेला निश्चय, दिलेला शब्द. आमच्या आजीच्या पिढीत पाच माणसांसमोर मुलीला कुंकू लावले, साडी दिली, ओटीत नारळ घातला आणि साखर वाटली की लग्न ठरले. तो शब्द मोडायची कोणाची छाती होत नसे. आज त्याच प्रसंगी पाहुणे विचारतात, "अंगठी केव्हा घालणार?" आणि अंगठी हिऱ्याची नसेल तर काही तोंडे किंचित वाकडी होतात. हा बदल एवढा मुकाट्याने झाला की तो परंपरेनेच चालत आला आहे, असे नव्या पिढीला वाटते. परंपरा म्हणून जे आपल्यापुढे येते त्याचे वय तपासणे हे इतिहासाचे एक काम आहे, आणि आज आम्ही तेवढेच करणार आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हिरा आम्हां विदर्भीयांना परका नाही. केळझरहून पूर्वेकडे निघून वैनगंगा ओलांडली की आरमोरी तालुक्यात वैरागड लागते. अकबराच्या काळी अबुल फजलने आईने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थानच होता. पण ते खणणाऱ्यांच्या हाती काय पडले? तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात गोवळकोंड्याकडच्या खाणी पाहून गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली छापले गेले. एका खाणीवर लहानथोर मिळून साठ हजार माणसे राबत होती असे तो लिहितो. दुसऱ्या एका खाणीवरच्या कसबी मजुराला वर्षाकाठी तीन होन मिळत, आणि त्याने खडा गिळू नये म्हणून दर पन्नास मजुरांमागे बारा ते पंधरा पहारेकरी उभे असत. मजुरी वाढवण्यापेक्षा पहारा वाढवणे मालकांना तेव्हाही सोयीचे वाटत होते.

हे हिरे मग कोण घालीत असे? राजे, सरदार आणि देव. हिरा हे तेव्हा बायकांच्या बोटापेक्षा पुरुषांच्या शिरपेचाचे आणि तलवारीच्या मुठीचे भूषण होते. आपल्या महाराष्ट्राच्या नावाने जगात ओळखला जाणारा नाशिकचा हिरा घ्या. तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला असे सांगतात. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि लुटीचा माल म्हणून विलायतेत विकला गेला. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या एका उमरावाने घेऊन तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो विकत घेऊन नव्याने कापला आणि त्याचे वजन सुमारे ४३ कॅरेटवर आणले. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईंना तो लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला, आणि त्या तो अंगठीत घालू लागल्या. देवाचा हिरा तलवारीत गेला आणि तलवारीतला अंगठीत आला. ज्या त्या काळी सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या अंगावर हिरा गेला, एवढाच याचा अर्थ.

आवडही अशीच बदलते. आपले जुने कारागीर खड्याचे वजन राखून पैलू पाडीत. कोहिनूर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला तेव्हा तो चमकत नाही म्हणून प्रेक्षक हिरमुसले. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा कापला. १८६ कॅरेटचा १०५ कॅरेटवर आला. दगड तोच होता, पाहणाऱ्यांचा डोळा बदलला होता. ती नवी दृष्टी राजदरबारातून आली आणि खाली सर्वांची झाली.

युरोपात वाग्दत्त वधूला हिऱ्याची अंगठी देण्याची चाल १४७७ सालापासून सांगतात. त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला अशी अंगठी दिली. पण पुढची चारशे वर्षे ती चाल राजघराण्यांत आणि धनिकांतच राहिली, कारण हिरेच थोडे होते. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि किंबर्लीच्या खाणीतून ते ढिगांनी निघू लागले. ढिगाने निघणाऱ्या वस्तूचा भाव टिकत नाही. म्हणून सेसिल ऱ्होड्सने १८८८ साली खाणी एकत्र करून डी बिअर्स कंपनी उभी केली, आणि बाजारात किती माल सोडायचा हे एकच हात ठरवू लागला. त्याच किंबर्लीत काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणाच्या आवारात कोंडून ठेवीत आणि बाहेर सोडताना त्यांची अंगझडती घेत.

पुरवठा मुठीत आला, तरी मागणी निर्माण करायची राहिली. १९३८ साली डी बिअर्सने अमेरिकेतील एका जाहिरात कंपनीला हे काम दिले. त्या कंपनीने सिनेमाच्या नटनट्यांच्या बोटांतील अंगठ्यांची वर्णने वर्तमानपत्रांना पुरवली आणि शाळांतून मुलींपुढे व्याख्याने करवली. हिरा चिरंतन आहे, हे घोषवाक्य १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या त्यांच्याच लेखिकेने लिहिले. शास्त्र मात्र निराळे सांगते. हिरा म्हणजे कोळशाचेच मूलद्रव्य, आणि तो जळतो, हे लाव्हाझिएने १७७२ साली प्रयोगाने दाखवले होते. कोणी म्हणेल, जाहिरातीने का कुठे लग्नाची चाल पडते? जपानकडे पाहा. १९६७ साली तिथे शंभरांतील पाच वधूंनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. तीच जाहिरात तिथे गेली आणि १९८१ पर्यंत शंभरांत साठ वधूंच्या बोटात ती आली. चौदा वर्षांत परंपरा तयार झाली.

त्याच १९८१ साली इंग्लंडच्या युवराजाची वाग्दत्त वधू डायना हिने नीलमाभोवती हिरे जडवलेली अंगठी घातली आणि तिच्या नकला जगभर विकल्या गेल्या. २०१० साली तीच अंगठी पुढच्या सुनेच्या बोटात आली आणि नकलांचा बाजार पुन्हा भरला. आपल्याकडे २००० च्या सुमारास 'नक्षत्र' नावाचे हिऱ्यांचे दागिने आले, आणि त्यांचा चेहरा होता ऐश्वर्या रायचा. आपली मराठी घरेही यातून सुटलेली नाहीत. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली, आणि तिच्या नायिकेचे मंगळसूत्र गावोगावच्या सराफांकडे तिच्याच नावाने मागितले जाऊ लागले. पूर्वीच्या आणि आताच्या थोरांत एक फरक आहे. पूर्वी कित्येक संस्थानांत पायात सोने घालणे हा वरच्यांचाच मान असे. खालच्याने अनुकरण केले तर तो गुन्हा ठरे. आताच्या थोरांना अनुकरण व्हावे म्हणूनच पैसे मिळतात. बंदी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी सक्ती येत असेल, तर तिचाही विचार केला पाहिजे.

या अंगठीतला हिरा बहुधा आपल्याच शेजारी पैलू पाडलेला असतो. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिंदुस्थानात, आणि त्यांतले बहुतेक सुरतेत घासले जातात. तिथला कारागीर घंटीपुढे मान वाकवून बसतो. त्याला रत्नकलाकार असे गौरवाचे नाव आहे; मजुरी मात्र बहुतेक ठिकाणी नगावर. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली आणि सुरतेतले कारखाने धडाधड बंद पडले. नगावरच्या कामगाराला नोटीस द्यावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी नग मिळाला नाही की नोकरी गेली. अलीकडच्या मंदीतही तेच झाले. तिकडे न्यूयॉर्कमधले लग्न लांबले, की इकडे सुरतेतल्या चुली विझतात. आम्ही कापडगिरण्यांच्या कामगारांत आयुष्य घालवले आहे; मालाची चमक आणि मजुराची मिळकत यांचा संबंध नसतो, हे आम्हांला नवीन नाही.

मग दागिना नकोच म्हणायचा काय? इथे वर्ध्याच्या मातीत एक जुना वाद आठवतो. १९०१ साली गांधीजी नाताळहून परत निघाले तेव्हा लोकांनी त्यांना सोन्याचे आणि हिऱ्यांचे दागिने भेट दिले. ते सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायचे त्यांनी ठरवले. कस्तुरबांनी हरकत घेतली. उद्या सुना येतील, त्यांना काय देऊ, आणि मला मिळालेल्या हारावर तुमचा हक्क कोणता, असा त्यांचा सवाल होता. गांधीजींचा निर्णय थोर होता. पण बांचा प्रश्नही खोटा नव्हता. आमच्या आयाबायांचे सोने ही त्यांची एकमेव स्वतःची ठेव होती. दुष्काळात, आजारपणात, गिरणी बंद पडल्यावर पाटली गहाण पडे आणि घर तरून जाई. लहान हिऱ्याच्या अंगठीला हा गुण नाही. ती दुकानाबाहेर आली की तिची किंमत घसरते. गहाण ठेवायला गेले तर बहुधा सोन्याचेच वजन धरतात. आता प्रयोगशाळेत बनलेला, गुणाने तोच असलेला हिरा स्वस्तात मिळू लागल्याने खाणीच्या लहान खड्याची किंमत आणखी डळमळली आहे. पाटलीची अंगठी झाली, त्यात बाईच्या हातून नेमकी तिची ठेव गेली. पतसंस्थेकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांत 'घरगुती कार्य' असे कारण लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत ही अंगठी पुष्कळदा लपलेली आम्ही पाहिली आहे.

केळझर म्हणजेच एकचक्रानगरी, इथेच भीमाने बकासुर मारला, असे आपले लोक सांगतात. त्या कथेतली आम्हांला सर्वांत खरी वाटणारी गोष्ट म्हणजे पाळी. राक्षस गावावर रोज चाल करून येत नव्हता. गावच रोज एका घरावर पाळी लावून गाडाभर अन्न आणि एक माणूस पोहोचवीत होते, आणि ज्याची पाळी नाही तो त्या दिवशी गप्प बसत होता. लग्नातल्या खर्चाचे असेच आहे. मुलीचा बाप एकटा "अंगठी नको" म्हणू शकत नाही; म्हटले तर तो कंजूष ठरतो, आणि मुलाने म्हटले तर त्याचे प्रेम कमी ठरते. एकट्या कामगाराने मजुरी वाढवून मागावी, तशीच ही गोष्ट. जे एकट्याला साधत नाही त्यासाठीच संघटना असते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी अगदी थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवले. ते टिकले, कारण नवराबायकोच्या पाठीशी एक समाज उभा होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या जोडप्याला हौस आहे आणि ऐपत आहे, त्याने अंगठी खुशाल घ्यावी. तिचा हेवा किंवा टवाळी करण्याचे कारण नाही. पण गावाने, जातपंचायतीने नव्हे तर कामगार संघाने, बचतगटांनी आणि तरुण मंडळांनी बसून एवढे ठरवावे की साखरपुड्यात अंगठी मागायची नाही, विचारायची नाही आणि नसली तर बोलायचे नाही. घेणाऱ्याने दुकानातच विचारावे की हीच अंगठी उद्या परत आणली तर काय द्याल, आणि ते उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. वधूला काही द्यायचेच असेल, तर तिच्या एकटीच्या नावाचे खाते उघडून त्यात ती रक्कम टाकावी. साखर वाटायला आजही फार पैसे लागत नाहीत.