जन्मतारीख आणि जंजिरा

आमच्या घरात वाढदिवस करण्याची पद्धत नव्हती. मुलांचे व्हायचे, तेही शाळेत चॉकलेटं वाटण्यापुरते. बायकोच्या बाबतीत तर अडचण वेगळीच होती. तिचा वाढदिवस नेमका कधी, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६७. ही गुरुजींनी दिलेली तारीख. आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र असा १ जूनला जन्मलेला आहे. सासूबाई मात्र सांगायच्या, 'कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या तिसऱ्या रात्री ही झाली. घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. शेतात, कडब्याच्या आडोशाला बाळंतीण झाले.' तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे कागदावर ही भूकंपाच्या सहा महिने आधी आलेली आणि प्रत्यक्षात तीन दिवसांनी!

२०१७ च्या डिसेंबरात तिला पन्नास पूर्ण होणार होती. मुलीनं पुण्याहून मुरूडच्या एका घरगुती निवासात दोन रात्रींसाठी खोली ठरवून दिली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. उरुसाला गेलो होतो, लग्नांना गेलो होतो, दवाखान्यात तर कितीदा. निघताना हिनं बजावलं, 'अहो, समुद्र बघायचा. किल्ला नको. तुम्ही किल्ल्यात शिरलात की बाहेर निघत नाही.' मी कबूल केलं. पण मुरूडला जाऊन जंजिरा टाळायचा म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा टाळण्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, 'चला, बघून येऊ.'

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं जातात. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे हे कळत नाही. तांडेलानं हात केला तेव्हा दोन बुरुजांच्या बेचक्यातून तो एकदम पुढे आला. शेजारी बसलेल्या एका तरुणानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तो मोकळेपणानं हसला. 'मग काका, तुमचाच की किल्ला! कुणाला घेताच आला नाही.' त्याच्या मनात वावगं काही नव्हतं. मीही हसलो, पण उत्तर सुचलं नाही. ते अजून शोधतोच आहे. आजचं हे बोलणं त्यातलंच समजा.

आत गेल्यावर वाटाड्या जे सांगतो त्यात सगळं बावीस असतं. बावीस एकर, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षं. हिनं बुरूज मोजले, ते एकोणीस भरले. त्यावर तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही दमला असाल.'

जंजिरा हा शब्दच अरबीतल्या जझीरा, म्हणजे बेट, यावरून आलेला. पण या खडकावर पहिला लाकडी मेढेकोट उभारला तो इथल्या कोळ्यांनी. राम पाटील हा त्यांचा पुढारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानानं व्यापारी असल्याची बतावणी करून आसरा मागितला, दारूची पिंपं भेट दिली आणि कोळी झिंगल्यावर कोट घेतला, अशी हकीकत सांगतात. दगडी तट पुढचे. म्हणजे 'कुणाला घेताच आला नाही' हे वाक्य पहिल्याच पानावर अडतं. कोळ्यांचा गेला होता की!

मग आले सिद्दी. सिद्दी म्हणजे हबसाणातून, पूर्व आफ्रिकेच्या मुलखातून आलेली माणसं. त्यांतले अनेक गुलाम म्हणून विकले गेलेले. मलिक अंबर असाच. लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे फिरत फिरत दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६२६ साली वारला. जन्मसाल अंदाजानं १५४८ धरतात. ज्याला बाजारात उभं केलं त्याच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? जंजिऱ्यावरही सुरुवातीच्या काळात गादी बापाकडून पोराकडे जात नसे. आरमारातल्या कर्तबगार सरदाराकडे जाई. मला हे फार आवडतं. पण इथंच थांबलो तर खोटं बोलल्यासारखं होईल. याच सिद्दींच्या आरमारानं किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून नेली, विकली. ज्यांचे पूर्वज बाजारात उभे राहिले होते, त्यांनी दुसऱ्यांना उभं केलं. त्याचं समर्थन माझ्याच्यानं होणार नाही, आणि ते करण्याचं काम माझं आहे असंही मला वाटत नाही.

शिवाजी महाराजांनी या किल्ल्यासाठी किती यातायात केली! समोर पद्मदुर्ग बांधला. १६७६ च्या मोहिमेत लाय पाटील या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून कुमक वेळेवर आली नाही. पहाट व्हायला लागली तसा तो शिड्या काढून परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, दर्यात फिरणाऱ्याला पालखी कशाला? तेव्हा त्याच्यासाठी गलबत बांधून त्याचं नाव 'पालखी' ठेवलं, असं सांगतात. राम पाटलाच्या जातभाईंतला माणूस शिड्या घेऊन त्याच खडकावर परत आला होता, हे मला राहून राहून आठवतं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडीत दगड टाकून वाट करायला घेतली. मोगल कोकणात उतरल्यानं तेही अर्धवट राहिलं.

किल्ला टिकला त्याची कारणं तटाएवढीच तटाबाहेरही होती. १६७१ च्या सुमारास सिद्दी औरंगजेबाच्या चाकरीत गेले आणि त्यांना मोगलांचा पैसा मिळू लागला. पावसाळ्यात त्यांचं आरमार मुंबईच्या बंदरात नांगरून पडायचं. इंग्रजांना ते नको असे, पण मोगलांना नाही म्हणायची हिंमत नव्हती.

आणि माणसं तरी कुठं दोन सरळ रांगांत उभी होती? सिद्दीवर चालून जाणाऱ्या शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. पुढे सिद्दी मिसरी मराठ्यांच्या बाजूनं जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढला. उलट श्रीवर्धनची देशमुखी सिद्दीच्या मुलखात भट घराण्याकडे होती. सिद्दीशी बिनसलं म्हणून त्यांतले बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. माझे पूर्वज कुठल्या गलबतावर होते? बहुधा कुठल्याच नाही. आम्ही घाटावरचे पिंजारी. गाद्या भरून देत असू, मग त्यावर कुणीही झोपो.

किल्ल्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तोफांपाशी सगळे फोटो काढत होते. ही मात्र तलावाच्या काठी बराच वेळ बसली. म्हणाली, 'चारी बाजूंनी खारं आणि मधे गोडं. इथं बायका संसार करत असतील ना? त्यांनी पहिल्यांदा हेच बघितलं असेल.' इतकी वर्षं मी या किल्ल्याबद्दल वाचतो आहे, माझ्या हे मनात आलं नव्हतं.

दुपारी खोकरीच्या घुमटांकडे गेलो. तिथं सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. आम्ही फातेहा वाचला. लुटणाऱ्यांसाठी वाचावा का, असं हिनं विचारलं. मी म्हटलं, मेलेल्यांसाठी वाचू.

संध्याकाळी मुरूडच्या पुळणीवर बसलो. समोर समुद्रात पद्मदुर्ग काळा पडत गेला. केक नव्हताच. तिनं नारळाची वडी अर्धी केली आणि मोठा तुकडा मला दिला. म्हणाली, 'आज चौदा आहे ना? की तेरा?' भूकंपानंतरची तिसरी रात्र कुठून मोजायची, यावर आम्ही अंधार पडेपर्यंत वाद घातला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलं. चार दिवसांनी आमच्या घरमालकांचा फोन लागला. पोफळी झोपल्या होत्या, छपराची कौलं गेली होती. पण आवाजात आनंद होता. वादळाच्या दुसऱ्या रात्री सुनेला मुलगी झाली होती. मी हिच्या हातात फोन दिला. सगळ्यात आधी हिनं विचारलं, 'तारीख लिहून ठेवली का?'