छिद्रयुक्त पोलादी तुळई व ‘बकलिंग’ : वऱ्हाडच्या संदर्भात एक टिपण

भुसावळहून अकोला व बडनेरा या मार्गाने नागपूरला जाणारा लोहमार्ग इ. स. १८६७ मध्ये पुरा झाला. गर्डरच्या मधल्या पातळ उभ्या पत्र्यास अभियंते ‘वेब’ म्हणतात. तो किती भाराखाली आपला सरळपणा सोडील, हे सांगणारे गणित त्या वर्षी कोठेही सिद्ध झालेले नव्हते. ऑयलरने सडपातळ खांबाचा सीमाभार इ. स. १७४४ मध्येच काढला होता. परंतु पत्रा म्हणजे खांब नव्हे. ब्रिटानिया पुलाकरिता इ. स. १८४५ पासून फेअरबर्न व हॉजकिन्सन यांनी लोखंडी नळ्यांवर प्रयोग केले. पातळ नळीचा वरचा, दाबाखालील भाग प्रथम चुरगळतो असे त्यांत आढळले. पत्र्याचे सूत्र ब्रायनने मांडले ते इ. स. १८९१ मध्ये. तोवर वेबला रिव्हेटने उभे कोन जोडण्याची रीत प्रयोग व अनुभव यांवरच उभी होती. आणि ती भक्कम उभी होती, हे मान्य केले पाहिजे.

इंग्रजीने ‘बकलिंग’ या एकाच शब्दात भिन्न घटना कोंबल्या आहेत. खांब बाकतो, पत्रा सुरकुततो, लांब तुळई पीळ घेऊन बाजूस कलते. व्यवहारातील मराठी हे तीन प्रकार तीन क्रियापदांनी सांगते. पाठ्यपुस्तकांनी ही सोय सोडून इंग्रजी शब्द उचलला, ही हानीच होय.

नळ व तारा नेण्यासाठी वेबमध्ये छिद्रे पाडली की गुंतागुंत वाढते. बेल्जियममध्ये व्हिरेंडेल यांनी इ. स. १८९६ मध्ये तिरप्या दांड्या नसलेली, शिडीसारखी चौकट पुढे आणली. आयताकृती छिद्राभोवतीचा भाग तिच्याचप्रमाणे कोपऱ्यांशी वाकतो. शिवाय दोन छिद्रांमधली अरुंद पट्टी स्वतंत्रपणे बाकू शकते. एवढ्या सर्व शक्यतांस एकच सुटसुटीत सूत्र पुरे पडत नाही.

विमानाच्या रचनेसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी इ. स. १९५६ मध्ये मांडलेली रीत येथे उपयोगी पडली. वस्तूचे लहान तुकडे कल्पून त्यांची समीकरणे एकत्र सोडविणे हे तिचे सार. क्लफने तिला ‘परिमित घटक’ हे नाव इ. स. १९६० मध्ये दिले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते इ. स. १९६४ मध्ये. अमरावतीच्या विद्यार्थ्याचा विषय आणि त्याचे महाविद्यालय असे जवळजवळ समवयस्क आहेत.

या गणनेचा सर्वांत सोपा प्रकार संपूर्ण सरळ, निर्दोष व स्थितिस्थापक तुळईचा सीमाभार देतो. खरी तुळई थोडी वाकडी असते आणि लाटणीनंतरचे ताण तिच्यात उरलेले असतात. म्हणून ती पुष्कळदा त्या आकड्याआधीच हार खाते. उलट, पातळ पत्रा सुरकुतल्यावरही आणखी भार पेलू शकतो. आकडा कमी की अधिक, हे कोणती घटना आधी घडते यावर ठरते. संगणक आकृती काढून देतो. ती बाकण्याची, सुरकुतण्याची की कलण्याची, हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे असते.

अकोल्यातील एखाद्या जुन्या जिनिंग कारखान्यात तुळईला नळासाठी भोक पाडावयाचे झाले, तर प्रथम दोरी लावून तिचा आजचा बाक मोजावा लागेल, गंजून उरलेली पत्र्याची जाडी पाहावी लागेल. ही दोन मापे गणनेत न घालता मिळालेला सीमाभार त्या तुळईचा नव्हे.