जुनी गाडी, घरची शेड : एक प्रस्तावना

जुन्या मोटारींचा छंद म्हटला की आपल्याकडे आधी संस्थानिकांची वाहने आठवतात. बेळगाव-कोल्हापूरच्या या भागात तर ते साहजिकच आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, तिला पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात, आणि तिच्या लांबलचक बॉनेटचे वर्णन पुढे चार दिवस घराघरात चालते. तोच माणूस घरी परतल्यावर मागच्या अंगणात वर्षानुवर्षे उभी असलेली, चाकांतली हवा गेलेली फियाट पाहतो, तेव्हा मात्र ती त्याला भंगार वाटते. पुढचे लेखन या दुसऱ्या गाडीसाठी आहे. मेबॅकची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. फियाटला माणूस हवा आहे, आणि तो माणूस आपल्या वाचकांपैकीच कोणीतरी असेल अशी माझी खात्री आहे.

ही साधी गाडी अभ्यासाला पात्र का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास लागतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पुढे हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये उभी राहिली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या जोडल्या जात. १९५३ मध्ये सरकारने ठरवले की ज्यांना इथेच सुटे भाग बनवून गाडी घडवायची आहे त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. आपल्याकडच्या जुन्या अमेरिकी गाड्यांची मालिका पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच का तुटते, याचे उत्तर या एका निर्णयात आहे.

त्यानंतर तीन दशके देशातल्या मध्यमवर्गापुढे निवड अशी फारशी उरली नाही. कुर्ल्याची फियाट ११००, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि खडबडीत वाटांसाठी महिंद्राची जीप. बेळगावच्या डॉक्टरांकडे, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांकडे, खानापूरच्या लाकूड ठेकेदारांकडे हीच चार नावे फिरत राहिली. एकच गाडी इतकी वर्षे चालल्याने तिच्याभोवती मिस्त्री, सुटे भाग, युक्त्या आणि किस्से यांचे मोठे ज्ञान साचत गेले. अ‍ॅम्बॅसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. पुढे पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या फियाटची मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाड्या थांबल्या तरी ते ज्ञान अजून जिवंत माणसांच्या हातांत आहे, पण ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. घाई करावी अशी या छंदात एवढी एकच गोष्ट आहे.

घाटाखालच्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने दिल्लीचे आयात निर्बंध तिथे लागू नव्हते. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशा युरोपीय गाड्या तिथे सहज येत होत्या. चोर्ला आणि अनमोड हे दोन घाट म्हणजे दोन वेगळ्या मोटार-संस्कृतींमधली सीमा होती असे म्हटले तरी चालेल, आणि आपण त्या सीमेच्या माथ्यावर बसलो आहोत.

आता आपण जिथे बसलो आहोत त्या जागेविषयी. पिरनवाडी हे बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका बाजूला उद्यमबाग, दुसऱ्या बाजूला मच्छेची औद्योगिक वसाहत. फौंड्री, लेथ, क्रँक ग्राइंडिंग, हायड्रॉलिक्स, गिअर कटिंग, सगळे हाकेच्या अंतरावर. याची मुळे जुनी आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे, असा तो उद्योग. तिथून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांपर्यंत त्यांची मजल गेली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. वाडी तिकडे गेली, पण दुरुस्ती करता करता वस्तू बनवायला शिकण्याची सवय इथे राहिली. उत्तरेला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही तीच सवय दिसते. मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला जो भाग परदेशातून मागवावा लागतो, तो आपल्याकडचा माणूस ओतून, कातून, घासून बसवतो. हा गर्व नाही, नुसती सोय आहे. तरी ती सांगताना थोडे बरे वाटते हे खरे.

या सोयीचाही एक अभ्यास आहे. समजा, तुमच्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला आणि नवा कुठेच मिळत नाही. फौंड्रीत जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबून ओतकाम करून घ्यावे, असे पहिल्यांदा सुचते. पण बिडाचा रस थंड होताना साधारण एक टक्का आकसतो. तीस सेंटिमीटरच्या भागाला तीन मिलिमीटर कमी पडतात, आणि मग स्टडची भोके जुळत नाहीत. चांगला पॅटर्न बनवणारा म्हणूनच वाढीव मापाची पट्टी वापरतो आणि जिथे कातकाम होणार तिथे आणखी जाडी ठेवतो. वाचकांनी एकदा तरी फौंड्रीत उभे राहून ओतकाम पाहावे. गाडीचे इंजिन म्हणजे मुळात आकसलेला आणि मग मापात आणलेला बीड आहे, हे त्या दिवशी समजते, आणि नंतर ब्लॉककडे पाहण्याची नजर बदलते.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? माझे मत विचाराल तर पाने-पक्कडीपासून नको. आधी गाडी नुसती वाचावी. एक लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे, म्हणजे कधीकाळी ठोकर लागली आहे किंवा गंज झाकला आहे. दरवाज्यांचा खालचा काठ, पायाखालचा पत्रा, डिक्कीत स्टेपनी ठेवण्याची खोलगट जागा आणि सिल, या चार ठिकाणी वाकून, टॉर्च लावून पाहा. इंजिनाचे काम पैसे खर्चून होते. सडलेल्या पत्र्याचे काम पैसे, वेळ आणि धीर तिन्ही खाते. अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट या दोन्हींना जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. म्हणून तिथला गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. पहिल्या प्रकल्पाला मी जीपची शिफारस करतो. चासी वेगळी, पत्रा सपाट, सगळे उघडे आणि हात पोचण्याजोगे. फियाटचे लाड नंतर करता येतील.

बेळगावचा पाऊस हा या छंदातला सर्वांत जुना शत्रू. खानापूरकडून येणारी झड आठवडाभर उघडत नाही, आणि त्या दिवसांत शेडमधले लोखंड घाम आल्यासारखे ओले होते. गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मोडावी. कागदाखाली वाफ कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. सुती कापड, वारा खेळता राहील अशी पत्र्याची शेड, आणि गाडी घोड्यांवर उचललेली, एवढे पुरे. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये, हा नियम घरातल्या लहानथोरांना पाठ असावा.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला सेल्फ मारून पाहण्याचा मोह सर्वांना होतो. त्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईलचे थोडे मिश्रण सोडावे आणि चार-आठ दिवस मुरू द्यावे. मग हँडलने, हळूच, अडकते का ते अजमावत फिरवावे. संपमधले ऑईल दुधट दिसले तर त्यात पाणी उतरले आहे, तिथेच थांबावे. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचे चिकट कीट झालेले असते. ते कार्बोरेटरपर्यंत जाऊ देऊ नये. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या आणि बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत चिठ्ठी घालून ठेवा. हसू नका, ज्यांच्या गाड्या पूर्ण झाल्या त्यांच्या शेडमध्ये हे डबे हमखास सापडतात.

बोल्टांचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे रेंगाळू. फियाट इटालियन वंशाची, तिचे आटे मेट्रिक. अमेरिकी जीपचे इंची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे आटे मिळतात, नंतरच्यांत अमेरिकी धर्तीचे यूएनएफ. व्हिटवर्थ आणि बीएसएफ यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, बाकीच्यांचा ६० अंशांचा. त्यामुळे चुकीचा नट दोन फेरे गोडीत जातो आणि तिसऱ्याला आटा खातो. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेले माप बोल्टच्या दांड्याच्या जाडीचे असते, नटाच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचे नव्हे. हे ठाऊक नसलेला माणूस हातात बरोबर पाना असूनही तो चुकीचा म्हणून बाजूला ठेवतो. एका अ‍ॅम्बॅसिडरवर पन्नास वर्षांत दहा मिस्त्र्यांचा हात फिरलेला असतो, आणि प्रत्येकाने हाताला आला तो बोल्ट लावलेला असतो. म्हणून एक आटे-मापक गेज घ्या; महागड्या सॉकेट सेटच्या आधी घ्या.

गाडी किती नवी करायची, हा या क्षेत्रातला खरा वाद आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिव्हाने, ट्यूरिन सनद स्वीकारली आहे. जतन आधी, पुनर्निर्मिती नंतर, आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी, असा तिचा आशय. आपल्याकडे मात्र जुनी गाडी म्हटली की मेटॅलिक रंग, अलॉय व्हील आणि आत जांभळा दिवा. ज्याची गाडी त्याची मर्जी, हे मान्य. तरी वाचकांनी एकदा मूळ रंगाची, थोडी फिकी पडलेली, आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या स्टीअरिंगची फियाट आणि एक चकचकीत केलेली फियाट शेजारी उभ्या करून पाहाव्यात. पहिलीत माहिती आहे. दुसरीत ती घासून टाकली आहे. मी स्वतः पहिलीच्या बाजूचा आहे, आणि रंगकाम करणारे माझे मित्र यावरून माझ्याशी अजून भांडतात.

काही बदल मात्र करावेच लागतात. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचा जो आधार मिळे तो गेला, म्हणून हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला फुगवते, तेव्हा पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉल सोसणारी घ्यावीत. हे बदल बाहेरून दिसत नाहीत आणि सनदेलाही त्यांचे वावडे नाही. नोंद तेवढी ठेवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. जांभळ्या दिव्यांच्या विरोधात हा माझा सरकारी साक्षीदार. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्याही आता पन्नाशी ओलांडून या पंगतीत येत आहेत. सीमाभागात आणखी एक पेच असतो. आजोबांनी गाडी कोल्हापुरात घेतली, नातू बेळगावात राहतो, आणि कागद तिसऱ्याच नावावर. परराज्यातल्या नोंदणीसाठी ना हरकत प्रमाणपत्र लागते, तेव्हा पत्र्याला हात लावण्याआधी आरसी पुस्तक शोधा आणि चासी क्रमांक त्याच्याशी पडताळून घ्या.

राहिले मिस्त्री. इंजिन रिबोअर करणे, क्रँक घासणे, गिअरबॉक्स उघडणे ही कामे घरी करू नयेत, ती जाणत्याकडे द्यावीत. ब्रेकचे मात्र सर्व स्वतः शिकून घ्या: व्हील सिलिंडर, लायनिंग, मास्टर सिलिंडर, हवा काढणे. इंजिन सुरू करण्याच्या आधी ब्रेक लागले पाहिजेत, कारण चालू झालेल्या गाडीचा मोह आवरणे कोणालाच जमत नाही. जुन्या मिस्त्र्याकडे सकाळच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी चहाच्या सुमारास जा. मोबाइलवरचे छायाचित्र दाखवू नका, सुटा भागच पुसून, पिशवीत घालून न्या. तो आधी बोटाने झीज पाहील, मग कुठल्या गाडीचा म्हणून विचारेल, आणि तुम्ही ‘घरीच करतोय’ म्हणालात की बहुधा एक स्टूल पुढे सरकवेल. बसा.