ऑल-इन-वन संगणक: एका डब्याची पन्नास वर्षं

या मालिकेत आपण बहुतेक वेळा रणांगणावरच्या गोष्टी बोलतो. आजची लढाई टेबलावरची आहे. ज्या संगणकात पडदा आणि यंत्र एकाच डब्यात असतं, त्या ऑल-इन-वनला पुढे भविष्य आहे का?

प्रश्न सुचायला कारण घडलं. आमच्या माजी सैनिकांच्या एका छोट्या कार्यालयात असा एक संगणक घेतला होता. चार वर्षांनी त्याचा पडदा गेला. आतलं यंत्र ठणठणीत, पण पडदा बदलायचा खर्च जवळजवळ नव्या संगणकाइतका सांगितला गेला. शेवटी शेजारी दुसरा मॉनिटर जोडला. आजही तिथे मेलेल्या पडद्याच्या बाजूला जिवंत पडदा उभा आहे आणि काम चालू आहे.

आता इतिहास पाहू. पुष्कळांना वाटतं की ऑल-इन-वन ही अलीकडची कल्पना आहे. तसं नाही. 1977 साली अमेरिकेत घरगुती वापराचे तीन संगणक बाजारात आले. त्यातला कमोडोर कंपनीचा 'पेट' हा पूर्ण ऑल-इन-वन होता. पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट रेकॉर्डर, सगळं एकाच सांगाड्यात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्याचं वरचं झाकण मोटारीच्या बॉनेटसारखं उचलता यायचं आणि खाली दांडी लावून उघडं ठेवता यायचं. म्हणजे एकत्र असणं आणि बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच वर्षी आलेल्या ॲपल-2 ने दुसरी वाट धरली. पडदा वेगळा, आणि आत जादा कार्ड बसवायला आठ खाचा. स्टीव्ह जॉब्स यांना इतक्या खाचा नको होत्या, स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी त्या आग्रहाने ठेवल्या. ॲपल-2 घराण्यातली यंत्रं 1993 पर्यंत विकली गेली. 1981 मध्ये आयबीएमनेही खाचांचाच उघडा संगणक आणला, इतर कंपन्यांनी त्याच्या नकला केल्या, आणि पडदा एकीकडे, पेटी दुसरीकडे ही रचना जगभर रुजली. आपल्याकडे तर त्या पेटीलाच सगळे 'सीपीयू' म्हणू लागले.

24 जानेवारी 1984 ला मॅकिंटॉश आला. नऊ इंचांचा पडदा, 128 किलोबाइट रॅम, वर उचलायला मूठ. दिसायला देखणा, पण रॅम वाढवायची सोय नाही, खाचा नाहीत, आणि डबा उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. रॅम इतकी अपुरी पडली की त्याच वर्षी सप्टेंबरात 512 किलोबाइटचं मॉडेल काढावं लागलं. डबा तोच, फरक फक्त रॅमचा.

मग हा प्रकार टिकला कसा? याचं उत्तर 1998 मध्ये आहे. आदल्या वर्षी ॲपल मोठ्या तोट्यात होती. ऑगस्टमध्ये तिने निळसर, आरपार दिसणारा आयमॅक विकायला काढला. फ्लॉपी नाही, वायरींचं जंजाळ नाही. वीज जोडा, फोनची वायर लावा, इंटरनेट सुरू. त्या वेळी लाखो लोक पहिल्यांदाच संगणक घेत होते. त्यांना रॅम वाढवायची नव्हती, पत्र पाठवायचं होतं. आयमॅक त्या गरजेला नेमका भिडला आणि कंपनी सावरली.

पण पुढच्या वीस वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. पहिली, तीच सोय लॅपटॉपने दिली, वर बॅटरीही दिली. वीज जाणाऱ्या आपल्या गावांत हा फरक लहान नाही. दुसरी, छोटे डबे आले. तळहातावर मावणारा संगणक मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावला की टेबल तितकंच मोकळं राहतं, आणि बिघाड झाला तर एकच भाग बदलावा लागतो. मोठ्या कंपन्यांनीही हे ओळखलं. मार्च 2022 मध्ये ॲपलने 27 इंची आयमॅक बंद केला आणि त्याच वेळी वेगळा डबा व वेगळा पडदा बाजारात आणला. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये गाजावाजा करून आणलेला सरफेस स्टुडिओ 2024 मध्ये थांबवला.

खरी अडचण आयुष्याची आहे. चांगला पडदा दहा वर्षं सहज चालतो, आतलं यंत्र त्याआधी जुनं होतं. दोघांना एकत्र जखडलं की आधी जो थकेल तो दुसऱ्यालाही घेऊन जातो. 2014 च्या 5के आयमॅकचा पडदा उत्कृष्ट होता, पण तो दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून थेट वापरण्याची सोयच ठेवली नव्हती. फौजेत आम्ही उलटं शिकलो: वायरलेस सेटची बॅटरी संपली तर बॅटरी बदलायची, सेट फेकायचा नाही.

आपल्या सरकारच्या दृष्टीने हा प्रकार मेलेला नाही. मे 2023 मध्ये मंजूर झालेल्या 17,000 कोटी रुपयांच्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत लॅपटॉप, टॅब्लेट, सर्व्हर यांच्याबरोबर ऑल-इन-वनचंही नाव आहे. त्याच ऑगस्टमध्ये आयातीवर निर्बंधांची अधिसूचना निघाली, तिच्यातही ते आहे. म्हणजे हे यंत्र देशात बनावं अशी धोरणाची इच्छा आहे. मग ते दुरुस्त होण्याजोगं बनावं, अशी आपलीही इच्छा असायला हरकत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. बँकेचा काउंटर, दवाखान्याचं स्वागतकक्ष, आजी-आजोबांच्या घरातला व्हिडिओ कॉल, अशा ठिकाणी ऑल-इन-वन राहील. जागा कमी आणि वायरी नकोत, ही गरज संपणारी नाही. पण टेबलावरचा मुख्य संगणक म्हणून त्याचे दिवस सरले आहेत, निदान आजच्या बंद रूपात तरी.

तुम्ही घेणार असाल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. रॅम आणि एसएसडी बदलता येते का? बाहेरचा संगणक जोडून याचा पडदा वापरता येईल अशी एचडीएमआय-इन सोय आहे का? वॉरंटी संपल्यावर पडदा किती रुपयांना मिळेल? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर खुशाल घ्या. नाही मिळाली, तर पडदा वेगळा आणि डबा वेगळा घ्या. आमच्या कार्यालयाने हेच तीन प्रश्न आधी विचारले असते तर एका टेबलावर आज दोन पडदे नसते.

जय हिंद.