सैकल, चपडा आणि बास गिटारचा उडालेला टवका

बास गिटारच्या कडेचा रंगाचा टवका उडाला की घरात पहिला प्रश्न निघतो, रंग कुठला आणायचा? वाद्य दुरुस्त करणारा जाणता कारागीर आधी दुसरेच विचारतो : उडालेला थर कशाचा होता? या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठाऊक, त्याची डागडुजी टिकते. हे उत्तर शोधायला थोडे इतिहासात जावे लागते, आणि तो इतिहास आपल्या अंगणातून सुरू होतो.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळेसारखा पदार्थ सोडतो. ती लाख. ती शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की चपडा होतो. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त दारावरच्या चिकांना लाख लावण्याची नोंद केली आहे. लाल रंगासाठी तिच्यात हिंगूळ घालत, पिवळ्यासाठी हरताळ. म्हणजे रंग आणि राळ एकत्र करून लाकडावर चढवण्याची विद्या इथे मुघल काळातही नित्याची होती. हाच चपडा पुढे युरोपात गेला आणि तिथल्या फर्निचरवर, गिटारींवर ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून मिरवला. नाव फ्रेंच, माल हिंदुस्थानी!

चपड्याचा मोठा गुण असा की तो स्पिरिटात विरघळतो आणि वाळल्यावरही हा गुण सोडत नाही. जुन्या थरावर नवा हात दिला की नव्यातले स्पिरिट जुन्याला किंचित सैल करते आणि दोन्ही थर एकजीव होतात. जोड दिसत नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा याच पॉलिशवर वाढली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड आणि वरून कापडाच्या बोळ्याने घासून चढवलेले लाखेचे पॉलिश. 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी तिथे तंबोरा घडवायला सुरुवात केली, असे परंपरेने सांगितले जाते. हे घराणे शिकलगारांचे. शिकलगार हा शब्द ‘सैकलगर’वरून आला. सैकल म्हणजे धातूला घासून आणलेली झळाळी. फारसी-उर्दू सूफी वाङ्मयात हाच शब्द दिलाचा आरसा लख्ख करण्यासाठी येतो. तलवारीला पाणी देणारे हे लोक. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्यांच्या हाताने लाकूड घासायला घेतले. काम तेच राहिले : खालचा पदार्थ ओळखायचा आणि त्याला सोसेल तेवढेच घासायचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाटीवर वाद्याचे नाव आले. त्याला झळाळी देणाऱ्या हातांची नावे मात्र फारच थोडी नोंदली गेली आहेत.

आणखी एक योग पाहा. मिरजेला आपले मानणारे उस्ताद अब्दुल करीम खान 1937 मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो 78 फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे, आणि त्या तबकड्यांतही लाखच होती. तंबोऱ्याच्या अंगावर लाख आणि त्या तंबोऱ्यावर गायलेला सूरही लाखेत!

आता बास गिटारकडे येऊ. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या कारखान्याला चपड्याचा संथ हात परवडणारा नव्हता. त्यांना तयार मिळाला तो मोटारींचा रंग. 1920 च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले आणि मोटारीचा रंग वाळायला लागणारे दिवस काही तासांवर आले. तोच रंग गिटारींवर फवारला जाऊ लागला. फेंडरचा प्रसिद्ध ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या मोटारीचा आणि ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा.

नायट्रोचा स्वभाव या बाबतीत चपड्यासारखा आहे. थर पातळ असतो, काळाने पिवळसर होतो, तडकतो. पण आपल्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे नवा थेंब जुन्यात मुरतो. 1965 मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली आणि 1968 च्या सुमारास जाड, टणक पॉलिएस्टर थर आला. तो लवकर झिजत नाही, पण फुटला की काचेसारखा टवका उडतो आणि पुन्हा विरघळत नाही. आज घरोघरी असलेल्या बहुतेक स्वस्त-मध्यम किमतीच्या बास गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच असते.

म्हणून आधी परीक्षा. मागचे झाकण काढून आतल्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने थेंबभर स्पिरिट लावा. थर चिकट झाला तर चपडा. नाही झाला तर लॅकर थिनरचा थेंब लावा. मऊ पडला तर बहुधा नायट्रो, ढिम्म राहिला तर पॉली. नायट्रोवर जुळत्या रंगाचे लॅकर बारीक कुंचल्याने थेंब-थेंब सोडावे, प्रत्येक थर वाळू द्यावा. पॉलीवर रंगाचा ठिपका देऊन वाळल्यावर वरून पातळ सुपरग्लूचे थेंब सोडून खड्डा भरावा. भराव आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवावा. पूर्ण कडक झाल्यावर, भोवती चिकटपट्टी लावून, आधी 1000 आणि मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. पाणी स्क्रूच्या भोकांत आणि पिकअपमध्ये जाऊ देऊ नये. खिडक्या उघड्या, मास्क चेहऱ्यावर आणि आग लांब, कारण थिनर-लॅकर झटकन पेट घेतात.

पुष्कळ लोक टवक्यावर नेलपॉलिश लावतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. नेलपॉलिशचा पाया बहुधा नायट्रोसेल्युलोजच असतो, म्हणजे ते ड्यूकोचेच भावंड. मात्र चुकले म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन नायट्रोच्या गिटारीवर बसाल, तर मूळ रंगही हातात येईल.

जाको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या जॅझ बासचे पडदे काढून त्या खाचा भरल्या आणि वर होडीला लावायचे इपॉक्सी चढवले. आज त्या जखमांमुळेच ते वाद्य ओळखले जाते. जुन्या वाद्याला नखशिखांत नवा रंग दिला की त्याची किंमत बाजारातही घसरते. आणि गंमत अशी की 1995 पासून फेंडर कंपनीच मुद्दाम झिजवलेल्या, टवके उडवलेल्या नव्या गिटारी जास्त दामाने विकते आहे.

टवका भरावा की ठेवावा हे ज्याचे त्याने ठरवावे. लाकूड उघडे पडून दमट हवा आत शिरत असेल, किंवा कड हाताला टोचत असेल, तर भरावाच. भरताना सैकलगराचा कायदा पाळावा : आधी खालचा थर ओळखा, मग त्याला मानवेल तेवढेच द्या. सगळे खरवडून नवे कोरे करण्याचा मोह दुरुस्तीच्या नावाखाली येतो, आणि जाताना वाद्याचा इतिहास घेऊन जातो. हे वाद्यांपुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.