सेंधवा : घाटावरचे एक महामार्ग-नगर

इतिहास केवळ राजधान्यांचा नसतो. रस्त्यावरची लहान गावेही इतिहास सांगतात. त्याचे एक उदाहरण आपण पाहू.

शिरपूरहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघा. बिजासन घाट ओलांडला की मध्य प्रदेशातील सेंधवा लागते. खानदेश आणि माळवा यांना जोडणारी ही सातपुड्यातील वाट. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्ही प्रदेशांतील ये-जा. म्हणून येथे किल्ला होता. महिदपूरच्या पराभवानंतर 1818 च्या मंदसौर तहात होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडावा लागला. त्यात सेंधव्याच्या किल्ल्याचा नावानिशी उल्लेख आहे, हे लक्षात घ्या.

1870 मध्ये मुंबई-अलाहाबाद लोहमार्ग पूर्ण झाला, तो भुसावळ-खंडवामार्गे. सेंधवा बाजूलाच राहिले. पुढे मालमोटारींनी या रस्त्याचे महत्त्व पुन्हा वाढवले. ढाबे, गॅरेज, सीमेवरचे नाके ही त्याची खूण. मात्र गाव केवळ वाटसरूंवर जगले नाही. आसपासच्या भिल्ल, बारेला व इतर शेतकऱ्यांचा कापूस येथील बाजारात आणि जिनिंग कारखान्यांत येतो. बाजारात निमाडी, बारेली, हिंदी, मराठी कानावर पडते.

2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर नाके बंद झाले. वाहन न थांबता जाऊ लागले, तर थांब्यावर पोट असणाऱ्यांचे काय? टिकाव लागतो तो गावाच्या स्वतःच्या उत्पादनावर. आपल्या जवळच्या महामार्गावरील गाव याच दृष्टीने अभ्यासा : तेथे लोक का थांबत, आणि आज का थांबतात?